आठवी अस्थिपेटी

१

रविवारी सकाळी हागित नाहुमने जाळीचं कुलूप काढलं, वाकून थडग्यात शिरली आणि सवयीप्रमाणे टॉर्चच्या उजेडात पेट्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. तिसऱ्यांदा मोजताना तिने प्रत्येक पेटीच्या झाकणावर हात ठेवला, सहलीला आलेली पोरं मोजावीत तसा.

आठ भरल्या.

गुरुवारी सात होत्या.

जेरुसलेमच्या पश्चिमेकडच्या टेकडीत, खडक पोखरून केलेलं हे थडगं. पेसाखचा सण उरकल्यावर बिल्डर मोट्टी कात्सच्या यंत्राने नव्या इमारतींसाठी उतार कापायला घेतला आणि यंत्राचा दात पोकळीत घुसला. आत एक खोली, तिच्या भिंतींत माणूस आडवा मावेल इतके खोल कोनाडे, आणि कोनाड्यांत चुनखडीच्या पेट्या. दोन हजार वर्षांपूर्वी इथली माणसं आपला मृत वर्षभर दगडी ओट्यावर ठेवत. मग मुलगा नाही तर भाऊ येऊन हाडं गोळा करी आणि अशा पेटीत भरी. मांडीचं हाड मावेल एवढी लांबी, बाजूवर कोरलेली फुलं, कधी खिळ्याने ओरबाडलेलं नाव.

उत्खननाची जबाबदारी हागितवर होती. एकटीने सांभाळलेलं हे तिचं पहिलंच थडगं. आज रविवारी पेट्या खोक्यांत भरून बाहेर काढायच्या, हाडं दफनासाठी सोपवायची आणि जागा मोट्टीच्या ताब्यात द्यायची, असं ठरलेलं.

जास्तीची पेटी डावीकडच्या कोनाड्यात, 'यहोनातान' असं नाव असलेल्या पेटीच्या मागे होती. गुरुवारी तिथे काहीही नव्हतं. नव्हतं म्हणजे, धुळीत एक चौकोनी स्वच्छ ठसा होता, एवढंच. आणि आणखी एक गोष्ट बदलली होती. भिंतीशी एक सुटं झाकण पालथं पडलेलं असे. सात पेट्या आणि आठ झाकणं, म्हणून तिने त्यावर डोकंही खाजवलं होतं. ते झाकण आता त्या आठव्या पेटीवर चपखल बसलं होतं.

तिने बाहेर येऊन पुरातत्त्व खात्याच्या संचालकांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हागित, याचे दोनच अर्थ लोक काढतील," ते म्हणाले. "एक तर तुला मोजता येत नाही, नाही तर तूच बनावट पेटी आणून ठेवलीस. दोन्हीत तुझा परवाना राहत नाही."

"सर, माझ्याकडे गुरुवारचा फोटो आहे."

"फोटोत पेटी नाही, थडग्यात आहे. हे तुझ्या बाजूने आहे की विरुद्ध, ते मला कळत नाहीये. तिर्त्साला पाठवतो. ती येईपर्यंत कशालाही हात लावू नकोस."

हागित पुन्हा आत गेली. हात न लावता, कोनाड्यात तोंड घालून तिने आठव्या पेटीच्या कडेने टॉर्च मारला. दिसणारी बाजू साधी होती. पण भिंतीकडे वळवलेल्या बाजूवर, बोटभर फटीतून, अक्षरांचे ओरखडे दिसत होते.

२

डॉक्टर तिर्त्सा अबुलाफिया आल्या त्या हातात एक घरगुती आरसा घेऊन. साठीच्या, ठेंगण्या, पायात कॅनव्हासचे बूट. जुन्या अक्षरांच्या वाचनात त्यांचा शब्द अखेरचा मानत, आणि माणसांच्या बाबतीत त्यांचा संशय.

"कॉफी नंतर," त्या म्हणाल्या. "आधी पाहुणीला भेटू."

पेटी ओढून बाहेर घेतली. तिर्त्साबाईंनी दारातून येणारं ऊन आरशात पकडलं आणि ते तिरपं करून दगडावर सोडलं. सपाट वाटणाऱ्या दगडावर अक्षरं उभी राहिली.

"शलोमत्सियोन," त्यांनी सावकाश वाचलं, "यहोनातानची आई."

हागित पुढच्या पेटीकडे वळली. "पुढच्याच पेटीवर यहोनातान आहे! म्हणजे कुणीतरी ते नाव पाहून या आठवड्यात हे खरडलंय."

"तुला तसं वाटतं?"

"नाही तर काय? आईची पेटी, मुलाची पेटी, शेजारी शेजारी. वर्तमानपत्रवाले नाचतील."

"मग नाव भिंतीकडे का केलं?" तिर्त्साबाईंनी विचारलं. "नाचायला हवं असतं तर नाव दाराकडे केलं असतं. बनावट माल करणारा आपली करामत पाठीमागे लपवतो का कुठे?"

हागितने त्यांच्या हातातला आरसा घेतला.

बाईंनी झाकण उचललं. आत हाडं होती, नीट रचलेली. कवटी एका टोकाला, लांब हाडं बाजूने. इतर पेट्यांतल्या हाडांवर पिठासारखा पांढरा थर होता. या हाडांवर नव्हता. कुणीतरी मऊ कुंचल्याने ती झाडली होती. पेटीच्या काठावर बाहेरच्या अंगाला गंजाचे डाग होते, आणि एका बाजूवर शेवाळाची हिरवट रेघ.

"ही बाई उघड्यावर राहिलीय," तिर्त्साबाई म्हणाल्या. "पाऊस खाल्लाय तिने. वर फळी होती, फळीला खिळे. आता जरा कलती कर. बास."

तळाच्या दगडाला काहीतरी चिकटलं होतं. नखाएवढं, पातळ, चकाकणारं. हागितला वाटलं अभ्रक. बाईंनी ते चिमट्याने काढून उन्हात धरलं, मग नाकाशी नेलं आणि हसल्या.

"खवला आहे," त्या म्हणाल्या. "माशाचा."

३

"मला माणसं दाखव," तिर्त्साबाई म्हणाल्या. "या थडग्यात पाय ठेवू शकतात ती सगळी."

पहिला आला अबू सलीम, बेत सफाफा गावचा, रात्रंदिवस जागेची राखण करणारा. शुक्रवारी दुपारी हागितने कुलूप घातल्यापासून आज सकाळपर्यंत तो जाळीसमोर खाट टाकून होता. संचालकांनी फोनवर पहिलं नाव त्याचंच घेतलं होतं, आणि ते त्याच्या कानावर गेलेलं होतं.

"विचारा, बाई, विचारा," तो म्हणाला. "काही हरवलं की अबू सलीम. आता सापडलं तरी अबू सलीमच! अहो, मी चोर असतो तर नेलं असतं. आणून कशाला ठेवीन?"

"कुलपाजवळ कुणी आलं?"

"मांजर आलं होतं. त्याची झडती घ्या हवी तर."

तिर्त्साबाई मनापासून हसल्या. "तुमच्यावर माझा विश्वास आहे. कुलूप शाबूत आहे, म्हणजे पेटी कुलूप लागायच्या आधी आत गेली. तुम्ही सुटलात."

मोट्टी कात्स उन्हाने लाल झालेला, खिशातला फोन सारखा वाजणारा. "माझे आई," तो हागितला म्हणाला, "तू सात म्हणालीस म्हणून मी आज यंत्र बोलावलंय. आता आठ! उद्या नऊ होतील. या दगडांना पिल्लं होतात का?"

"तुम्ही आत जाऊन पाहिलंत का कधी?" तिर्त्साबाईंनी विचारलं.

"मी?" मोट्टी एकदम गंभीर झाला. "मी कात्स आहे, बाई. पुरोहितांच्या कुळातला. मी शब्बाथ पाळत नाही, शनिवारी गाडी चालवतो, काय हवं ते खातो, पण मेलेल्याच्या छपराखाली गेलो तर माझा बाप स्वर्गातून खाली उतरून थोबाडीत मारील. त्या जाळीच्या पलीकडे मी कधी गेलो नाही."

"खरं आहे," हागित म्हणाली. "मला नेहमी बाहेरूनच हाका मारतो."

मग योखेवेद श्राग. सत्तरीकडे झुकलेली, केस पुरुषासारखे कापलेले, खात्यासाठी वस्तूंची रेखाचित्रं काढणारी. पेटीचा एकेक ओरखडा ती अशा निगुतीने काढी की फोटोतही न दिसलेलं तिच्या कागदावर दिसे. टेकडीच्या पायथ्यालाच राही, चालत येई.

"गुरुवारी पेट्या किती होत्या?"

"मी चित्रं काढते, मोजणी हागितची." योखेवेद पेन्सिलीला टोक करत होती, वर पाहिलं नाही. "कोनाड्यात मागे अंधार असतो. राहिली असेल नजरेतून."

"राहिली नव्हती," हागित म्हणाली.

"माणूस आहे. राहतं."

हागितला ते लागलं, पण तिने विषय वाढवला नाही. या बाईच्या हाताखाली आपण शिकलो, अशी तिची भावना होती. "उन्हाचं थांबू नका आता," ती म्हणाली. "घरी जा. शाऊलना नमस्कार सांगा."

"सांगते," योखेवेद म्हणाली.

शेवटी झुंडेल, ज्याला सगळे मानाने 'रेब' म्हणत. मेआ शेआरीम या कर्मठ ज्यूंच्या वस्तीत त्याचं मासळीचं दुकान. आडवा बांधा, छातीवर रुळणारी दाढी, कार्प माशांच्या पेट्या उचलून झालेले हात. मेलेल्यांची विटंबना होऊ नये म्हणून झगडणाऱ्या मंडळींचा तो माणूस. हाडांजवळ काम चालू असताना तो हजर राहील, या बोलीवरच त्यांनी निदर्शनं मागे घेतली होती. पहिल्या दिवशी त्याने हागितला शिव्याशाप दिले होते. तिसऱ्या दिवशी तो तिच्यासाठी घरचं लोणचं घेऊन आला.

"पेटी वाढली? देवाची करणी," तो म्हणाला. "तुम्ही लोक नेता, तो देतो."

"शुक्रवारी सामान भरायची खोकी तुम्ही आणलीत?"

"मग? यांच्या खात्याकडे खोकी नव्हती. ही मुलगी काळजीत होती. दुकानातली लाकडी खोकी धुऊन आणली. उपकार केले तर चौकशी?"

"आत तुम्ही आणि योखेवेद बराच वेळ एकत्र असता. काय बोलता?"

"तिच्याशी?" रेब झुंडेल थुंकल्यासारखं करून म्हणाला. "उघड्या डोक्याची, देवाला न मानणारी. मी तिच्याशी बोलतच नाही. ती पेन्सिल खरडते, मी स्तोत्रं म्हणतो. नवरा जाऊन वर्ष व्हायचंय अजून, घरी बसावं की नाही? पण नाही! थडग्यात येऊन बसते."

तो गेला. हागित जागेवरून हलली नाही.

"काय झालं?" तिर्त्साबाईंनी विचारलं.

"शाऊल गेले?" हागित म्हणाली. "दर शुक्रवारी मी त्यांना नमस्कार सांगते. दर शुक्रवारी ती 'सांगते' म्हणते. आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. मग याला कसं माहीत?"

४

तिर्त्साबाई पुन्हा आत गेल्या आणि या वेळी त्यांनी यहोनातानची पेटी उजेडात घ्यायला सांगितली. दोन्ही पेट्या शेजारी ठेवल्या. बाईंनी आरसा धरला, हागित गुडघ्यांवर बसली.

"मुलाचं नाव दोन्हीकडे आहे. नीट बघ."

हागितने बघितलं. तिला आधी काही दिसेना. मग दिसलं. यहोनातानमधलं 'ह' ओळीत नव्हतं. खरडणाऱ्याने ते आधी गाळलं होतं आणि मग लक्षात आल्यावर वर, दोन अक्षरांच्या फटीत, बारीक करून कोंबलं होतं. दोन्ही पेट्यांवर तसंच.

"घरात त्याला योनातानच म्हणत असणार," तिर्त्साबाई म्हणाल्या. "हात बोलण्यासारखा लिहून गेला, मग डोक्याने चूक सुधारली. दोनदा लिहिलं, दोनदा तेच झालं."

"कुणी पाहून नक्कल केली असेल तर?"

"हे भिंग घे. रेघांच्या आत बघ."

ओरखड्यांच्या आत दगडावर जुना, पिवळसर, काचेसारखा कडक थर चढला होता. वरच्या पृष्ठभागावरून तो रेघेत उतरला होता आणि दुसऱ्या काठाने न तुटता वर आला होता. असा थर चढायला शतकं लागतात. हे खरडणारा माणूस दोन हजार वर्षांपूर्वीच मेला होता.

"म्हणजे पेटी खरी आहे," हागित म्हणाली.

"खरी आहेच. आणि इथलीच आहे. तुझं सुटं झाकण तिच्यावर कसं बसलं? ते तिचंच होतं. तुझा तो धुळीतला चौकोन म्हणजे तिची जागा. ही पेटी बाहेरून आली, हागित, पण त्याआधी ती इथून बाहेर गेली होती."

हागितने मान वर केली. खोलीच्या कोपऱ्यात छताचा एक भाग दगडगोट्यांनी बुजलेला होता, आणि त्यातून मनगटाएवढी जाड मुळं खाली लोंबत होती. तिने ते नैसर्गिक पडझडीत धरलं होतं.

"वर काय होतं?" तिर्त्साबाईंनी विचारलं.

"पाइनचं झाड. मोट्टीने परवानगी घेऊन तोडलं."

"किती जुनं?"

"वनीकरणाच्या वेळचं. म्हणजे पन्नासेक वर्षांचं." हागित बोलता बोलता थांबली. "इथली सगळी झाडं तेव्हा नव्याने आलेल्या निर्वासितांनी लावली. खड्डे खणायचं रोजाचं काम असायचं. ते राहायचे खालच्या छावणीत."

"आणि त्या छावणीची आज वस्ती झालीय. पायथ्याशी." तिर्त्साबाईंनी आरसा पालथा ठेवला. "एका माणसाने झाडासाठी खड्डा खणला, त्याचं टिकाव आत गेलं. तो उतरला, एक पेटी वर काढली, तिचं झाकण आतच राहिलं. मग त्याने भोक बुजवलं आणि त्यावर नेमून दिलेलं झाड लावलं."

हागित बाहेर ऊन होतं त्या दिशेला बघत राहिली. तिला उत्तर कळलं होतं आणि ते नको होतं.

५

दुपारी ताडपत्रीच्या सावलीत तिर्त्साबाईंनी फक्त दोघांना बोलावलं. योखेवेद घरी गेलीच नव्हती. रेब झुंडेल तिच्यापासून लांब, दगडावर बसला.

"मी एक सांगते," तिर्त्साबाई म्हणाल्या, "चुकलं तर थांबवा. पेटी कुलूप लागायच्या आधी आत गेली, म्हणजे शुक्रवारी सकाळी, सगळ्यांच्या देखत. इथून बाहेर जाणाऱ्या वस्तूवर आठ डोळे असतात. आत जाणाऱ्यावर एकही नाही. खोकी आत जात होती. रिकामी खोकी, असं सगळे समजत होते."

"मी टॉर्च धरला होता," हागित हळूच म्हणाली. "एक खोकं नेताना रेब झुंडेलना धाप लागली होती. मी म्हटलं, पायरी सांभाळा."

"खोकी मासळीची. इतर सातांतल्या एखाद्या पेटीवर खवला सापडला असता तर मी म्हटलं असतं, खोक्यातून उडाला. पण हा पेटीच्या तळाला होता. दोन हजार वर्षं न हललेल्या पेटीच्या तळाला माशाचा खवला लागत नाही. ती पेटी त्या खोक्यात बसून आली."

रेब झुंडेल दाढी चिवडत होता. "ओझं मी वाहिलं," तो म्हणाला. "मीच केलं सगळं. ही बाई मध्ये नाही."

"ओझं तुम्ही वाहिलंत. पण जागा तुम्हाला माहीत नव्हती. त्या पेटीवर आणि झाकणावर कारागिराने जोडीची खूण केलीय, कुठलं टोक कुठे यायचं ते कळायला. झाकण पालथं पडलेलं, खूण जमिनीकडे. ती कुणी पाहिली होती? ज्याने झाकण उलटून त्याचं चित्र काढलं त्याने. आणि हाडं मऊ कुंचल्याने झाडलेली. मासळीवाला तसला कुंचला बाळगत नाही."

"तिला सोडा," रेब झुंडेल उभा राहिला. "मी सांगतो ना, मी तिच्याशी बोलतसुद्धा नाही!"

"झुंडेल," योखेवेद म्हणाली, "बस खाली. तुला खोटं बोलता येत नाही. त्यांना शाऊलचं तूच सांगितलंस ना?"

तो बसला. त्याचे कान लाल झाले होते.

योखेवेदने हात गुडघ्यांवर ठेवले. "अंगणात होती ती. लग्न होऊन आले तेव्हापासून. शाऊल म्हणायचा, गुरांची दगडी कुंडी आहे. वर फळी ठोकलेली, फळीवर माझ्या जाईच्या कुंड्या. रोज पाणी घालताना बाजूवरचे ओरखडे दिसायचे. मी वाचायला कधी गेले नाही. मनाला सांगायचे, उगाच रेघा आहेत. गेल्या वर्षी शाऊल गेला. मग फळी कुजली म्हणून काढली, आणि आत पाहिलं."

"मग खात्यात का नाही आलात?" हागितने विचारलं.

"काय सांगणार होते? माझ्या नवऱ्याने कुठलंसं थडगं फोडलं, कुठलं ते माहीत नाही? तुम्ही पेटी नेऊन गोदामात ठेवली असती. कुठून आली ठाऊक नसलेल्या पेट्यांच्या रांगेत. हाडं एका पिशवीत, दगड दुसरीकडे. मी ती रांग पाहिलीय, हागित. मीच तिची चित्रं काढलीत." तिने श्वास घेतला. "मग तू मला इथे बोलावलंस. यहोनातानचं नाव कागदावर उतरवताना ते वर कोंबलेलं अक्षर आलं, आणि माझा हात थांबला. ते अक्षर मी चाळीस वर्षं पाणी घालताना पाहत होते."

तिने रेब झुंडेलकडे बोट केलं.

"या झुंडेलने माझा चेहरा पाहिला. काय झालं म्हणाला. मी सांगितलं. मला वाटलं, आरडाओरडा करील. तर म्हणाला, 'बाई, आईला मुलाकडे पोचवायचं आहे. यात विचारायचं काय? खोकं आणतो.'"

"शाऊलनी का नेली ती?" तिर्त्साबाईंचा आवाज आता चौकशीचा राहिला नव्हता.

"तो कधी बोलला नाही. महायुद्धात रुमानियातल्या बुकोविनातून ज्यूंना हाकलत नेलं तेव्हा त्याची आई रस्त्यातच गेली. थांबू दिलं नाही. तिला कबर नाही. इथे येऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा तो या डोंगरावर खड्डे खणत होता. त्याला ती अक्षरं वाचता येत होती. 'आई' एवढं तर नक्कीच." ती थांबली. "पण म्हणून नेली, असं मी म्हणणार नाही. जे तो बोलला नाही ते मी त्याच्या तोंडी घालणार नाही."

हागित उठली. ती योखेवेदसमोर जाऊन उभी राहिली. "आणि मी? तुम्ही म्हणालात, 'राहिली असेल नजरेतून.' माझ्या तोंडावर! माझा परवाना जाणार होता. अबू सलीमला पोलिसांनी नेलं असतं. तुम्हाला दिसत नव्हतं?"

योखेवेदने पहिल्यांदा मान खाली घातली. "दिसत होतं. वाटलं, तू मागची नीट पाहिली नसशील, म्हणशील चुकलं. तू इतकी बारकाईने पाहतेस, हे मीच तुला शिकवलं, आणि मीच विसरले."

तिर्त्साबाईंनी आरसा रुमालात गुंडाळला. "माझं काम संपलं. पेटी खरी, इथली, हे मी सही करून देईन. ती सात पेट्यांबरोबर सापडली की नंतर आली, ते लिहायचं काम उत्खनन करणारीचं. आठ सापडल्या असं लिहिलंस, तर कुणालाही काही कळणार नाही. संचालक सुटकेचा निःश्वास टाकतील."

सगळे हागितकडे बघत होते.

६

हागितने संध्याकाळपर्यंत वेळ मागून घेतला आणि थडग्यात एकटीच जाऊन बसली. मोट्टीने बाहेरून दोनदा हाक मारली. तिने ओ दिली नाही. एकच शब्द बदलायचा होता. आठ सापडल्या. त्या शब्दाने एका म्हातारीची अब्रू वाचत होती, अबू सलीमची कटकट मिटत होती, आणि तिची स्वतःचीही. शिवाय ते खोटंही फारसं नव्हतं. पेट्या खरोखर आठच होत्या, कधीकाळी.

पण मग छतातलं ते भोक कुणी पाडलं? फळीच्या खिळ्यांचा गंज कुठला? शेवाळ? शंभर वर्षांनी कुणी विद्यार्थिनी गोदामात ही पेटी पाहील, शेवाळाची रेघ पाहील, आणि ठरवील की हागित नाहुमला दिसत नव्हतं. किंवा त्याहून वाईट म्हणजे, या थडग्यात पाऊस शिरत होता असं मानून बसेल आणि त्यावर आणखी काही रचील. आपण इथे जे जसं आहे ते तसं टिपायला आलो. योखेवेदने शिकवलेली पहिली गोष्ट हीच होती. दगडावर नसलेली रेघ कागदावर काढायची नाही.

ती बाहेर आली तेव्हा योखेवेद अजून तिथेच होती.

"मला खरं लिहावं लागेल," हागित म्हणाली. "शाऊलचं नाव घालून. तुम्ही तिला परत आणलंत, पण चोरून आणलंत. असं ठेवलं तर ती पुन्हा पळवलेलीच राहील. कशी गेली, कुणी नेली, कुणी आणली, हे सगळं लिहिलं तरच ती इथली ठरेल."

योखेवेदने टेकडीच्या कापलेल्या उताराकडे पाहिलं.

"लिही," ती म्हणाली. "पण तू नको सांगूस संचालकांना. मी जाते. माझा नवरा होता तो."

आणि ती गेली, दुसऱ्या दिवशी सकाळी, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. आत काय झालं ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही. एवढंच कळलं की संचालकांनी आधी कायद्याची कलमं ऐकवली, मग तिला पाणी दिलं. मेलेल्या माणसावर खटला होत नाही. योखेवेदला लेखी ताकीद मिळाली आणि खात्यासाठीचं तिचं काम बंद झालं. रेब झुंडेलला बोलावणं गेलं, तर तो दोन कार्प मासे घेऊन हजर झाला, तेव्हा त्यालाही काय शिक्षा करावी ते कुणाला सुचलं नाही. अबू सलीमची माफी मागायला हागित स्वतः गेली. त्याने तिला चहा पाजला आणि म्हणाला, "पोरी, पुढच्या वेळी मांजरावरही नजर ठेव."

दोन्ही पेट्या गोदामात एकाच फळीवर गेल्या, शेजारी शेजारी, पूर्ण हकीकतीसह.

हाडांचं दफन त्याच आठवड्यात झालं, शहराबाहेरच्या दफनभूमीच्या एका कोपऱ्यात. रेब झुंडेलने हट्ट धरून आई आणि मुलगा एका खड्ड्यात ठेवायला लावले. सहसा अशा दफनात नावं नसतात. 'अनोळखी' म्हणून प्रार्थना आटोपतात. त्या दिवशी तो नावं घेऊन म्हणाला, "शलोमत्सियोन. आणि यहोनातान, शलोमत्सियोनचा मुलगा." 'ह' त्याने ठासून उच्चारला.

माती लोटून झाली. त्याच्याबरोबरची काळ्या कोटांतली मंडळी निघाली. हागितही वळली होती. योखेवेद मात्र हलली नाही.

"झुंडेल," ती म्हणाली. "शाऊलचंही नाव घे."

रेब झुंडेल थबकला. "इथे? ज्यांचं घर त्याने फोडलं त्यांच्या कबरीवर?"

"इथेच."

तो मातीकडे बघत राहिला. दाढीतून बोटं फिरवत राहिला. हागितला वाटलं, तो नाही म्हणणार, आणि म्हटलं तर त्याला दोष देता येणार नाही. मग त्याने हातातलं प्रार्थनेचं पुस्तक पुन्हा उघडलं.

"त्याच्या बापाचं नाव?"

"पेरेत्स."

"आणि आईचं?"

योखेवेदने चमकून पाहिलं. "आईचं कशाला? प्रार्थनेत बापाचं घेतात ना?"

"तुला कुणी विचारलं काय घेतात?" रेब झुंडेल खेकसला. "तिला कबर नाही म्हणालीस. मग इथे तिचं नाव घ्यायला माझ्या बापाचं काय जातं? सांग."

 ते नाव तिने फार वर्षांत उच्चारलं नसावं.

"फ्रादेल," ती म्हणाली.

रेब झुंडेलने घसा साफ केला, टोपी पुढे ओढली आणि पहिलं नाव तिचं घेतलं.